हिरवं दिसतं ते सगळं रान नसतं

पावसाळा सरत आला की पुण्याच्या आसपासचे उतार आणि रस्त्यांच्या कडा पिवळ्या-केशरी फुलांनी भरून जातात. गाड्या थांबतात, फोटो निघतात. ते फूल कॉसमॉसचं, मूळ मेक्सिकोकडचं. बागेत शोभेला आणलं, कुंपणाबाहेर पडलं आणि आता उतारच्या उतार व्यापत चाललं आहे. फूल देखणं आहे, यात शंका नाही. पण अशाच उतारांवर तेरडा असतो, सोनकी असते, कुसळी आणि मारवेलसारखी गवतं असतात. त्या प्रत्येकावर जगणारे वेगवेगळे किडे असतात आणि त्या किड्यांवर पोट भरणारे चंडोल नि सरडे असतात. एकाच फुलाने जागा धरली की हे सगळं त्याखाली दबतं, आणि आपल्याला मात्र टेकडी पूर्वीपेक्षा सुंदर दिसते.

आक्रमक प्रजातींच्या बाबतीत आपली फसगत होते ती इथेच. जंगल तोडलं की उघडा डोंगर डोळ्यांत खुपतो, लोक बोलतात, आंदोलनं होतात. घाणेरीने भरलेला डोंगर कुणाला खुपत नाही, कारण तो हिरवागार असतो. जलपर्णीने झाकलेली नदी लांबून कुरणासारखी दिसते. नुकसान दोन्हीकडे होतं, पण दुसऱ्या नुकसानाची कुणी तक्रारही करत नाही. म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा.

परकं आणि आक्रमक यांत फरक आहे

बाहेरून आलेलं सगळंच घातक असतं असं मुळीच नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई, काजू हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. मिरची आपण लावली तर येते, पाणी दिलं तर जगते. तिने कधी एखादं अभयारण्य गिळलं नाही. सीताफळही तिकडचंच. ते एक पाऊल पुढे गेलं, बालाघाटाच्या डोंगरांत आपलं आपण रुजलं आणि वाढलं. घाणेरी त्याच्याही पुढे गेली. ती रुजली, पसरली आणि आधीपासून तिथे असलेल्यांना तिने हुसकावून लावलं. या तिसऱ्या पायरीवर पोहोचलेल्या जिवाला आक्रमक प्रजाती म्हणतात.

तिथवर पोहोचणारे थोडेच असतात. जैवविविधतेचा जागतिक पातळीवर अभ्यास करणाऱ्या आयपीबीईएस या आंतरसरकारी मंचाने 2023 मध्ये या विषयावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार माणसाच्या हातून नव्या प्रदेशात पोहोचून तिथे स्थिरावलेल्या प्रजाती सुमारे 37,000 आहेत. त्यांतल्या घातक ठरलेल्या साडेतीन हजारांहून थोड्या जास्त, म्हणजे साधारण दहातली एक. पण त्या एकीचा हिशेब जबर आहे. जगात ज्या प्राणी-वनस्पती नामशेष झाल्याची नोंद आहे, त्यांतल्या 60 टक्क्यांच्या अंतामागे आक्रमक प्रजातींचा मोठा हात होता, आणि 16 टक्क्यांच्या बाबतीत तर तेच एकमेव मुख्य कारण होतं.

दुसरी गोष्ट अशी की कुठलाही जीव जन्मजात गुन्हेगार नसतो. आपल्या अंगणातली साळुंकी बघा. 1862 मध्ये तिला मुद्दाम ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नेऊन सोडलं, भाजीच्या मळ्यांतले किडे खाईल म्हणून. आज तिकडे ती नकोशी झाली आहे, कारण झाडांच्या ढोल्या बळकावून ती तिथल्या पोपटांना आणि इतर पक्ष्यांना घरटी करू देत नाही. आपला गावकावळा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला आणि तिथल्या लहान पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करू लागला. केनियाच्या सरकारने 2024 मध्ये दहा लाख कावळे संपवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. साळुंकी तीच, कावळा तोच. बदलली ती जागा.

जागा बदलली की एवढं काय होतं?

कोणताही जीव आपल्या मूळ ठिकाणी एकटा नसतो. त्याला खाणारे, कुरतडणारे, त्याच्यावर रोग आणणारे आणि त्याच्याशी जागेसाठी भांडणारे असे शेकडो जीव त्याच्याबरोबर हजारो-लाखो वर्षं वाढलेले असतात. झाड पानात विष तयार करतं, मग एखादी अळी ते विष पचवायला शिकते. हरीण वेगाने पळतं, लांडगा कळपाने पाठलाग करायला शिकतो. या ओढाताणीत कुणाचीच बेसुमार वाढ होत नाही.

बी किंवा अंडं जेव्हा जहाजातून, धान्याच्या पोत्यातून किंवा शोभेच्या कुंडीतून दुसऱ्या खंडात जातं, तेव्हा हे सगळे शत्रू मागे राहतात. नव्या ठिकाणच्या अळीला ते पान पचत नाही. नव्या ठिकाणच्या पक्ष्याला तो शिकारी ओळखता येत नाही. एका बाजूचा लगाम सुटतो आणि दुसऱ्या बाजूने प्रतिकार शून्य. त्यात तो जीव भराभर पिलावळ वाढवणारा, काहीही खाऊन जगणारा आणि उकरलेल्या, तोडलेल्या, नासवलेल्या जमिनीवर आधी पोहोचणारा असला की मग त्याला आवरणं कठीण.

हे जवळून बघायचं असेल तर घाणेरीच्या झुडपाजवळ दहा मिनिटं थांबा. हिलाच कुठे टणटणी म्हणतात. गुलाबी-पिवळ्या फुलांच्या गुच्छांवर फुलपाखरं गर्दी करतात, त्यामुळे झुडूप जिवंत, गजबजलेलं वाटतं. आता फुलं सोडा आणि पानं उलटून बघा. खरखरीत, उग्र वासाची पानं. बहुतेक अखंड, क्वचितच कुरतडलेली. फुलपाखरू मध कुठूनही पितं, पण त्याची अळी ठरावीक झाडाचीच पानं खाते. कढीपत्त्यावर आणि लिंबावर ज्या अळ्या सापडतात त्या रुईवर सापडत नाहीत, आणि रुईवरच्या कढीपत्त्यावर सापडत नाहीत. घाणेरीचं पान आपल्याकडच्या फारच थोड्या अळ्यांच्या कामाचं. म्हणजे फुलपाखरांना तिथे पेय मिळतं, पण पुढची पिढी वाढवायला जागा मिळत नाही. आणि अळ्या नाहीत म्हणजे पिल्लांना भरवायला पक्ष्यांकडे काही नाही, कारण एरवी दाणे खाणारे कितीतरी पक्षीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात. वरून गजबज आणि आतून उपासमार, असा हा प्रकार आहे.

घाणेरी: बागेतून व्याघ्रप्रकल्पात

घाणेरी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं कुंपण म्हणून आणली. तिथून ती बंगल्यांच्या बागांत गेली, बागांतून रस्त्याच्या कडेला आणि रस्त्याच्या कडेने थेट जंगलात. तिची छोटी काळी फळं बुलबुलांना फार आवडतात. बुलबुल फळ खातो, कुठल्यातरी फांदीवर बसतो, आणि खाली नवं झुडूप येतं.

वाघांच्या गणनेसाठी देशभरातल्या जंगलांत जी पाहणी होते, त्या माहितीच्या आधारे भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घाणेरीने व्यापलेलं जंगल सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर भरलं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ साधारण तीन लाख सात हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या महाराष्ट्राएवढ्या जंगलात कुठे विरळ, कुठे दाट घाणेरी आहे.

दाट घाणेरीखाली काय घडतं? झुडपं एकमेकांत गुंततात आणि माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी काटेरी भिंत तयार होते. जमिनीपर्यंत ऊन पोहोचत नाही. गवत मरतं. ऐन, धावडा, बिबळा यांचं बी पडतं, पण रोप उजेडाअभावी वर येत नाही. वरची मोठी झाडं अजून उभी असतात, त्यामुळे जंगल शाबूत दिसतं. पण त्या झाडांची जागा घेणारी नवी पिढी खाली तयार होत नसते. माझ्या मते या विषयातली सगळ्यात गंभीर बाब हीच आहे, कारण ती दिसायला तीस-चाळीस वर्षं लागतात आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

चितळ, सांबर, रानगवा यांच्या वाट्याचं गवत कमी होतं. घाणेरी ते खात नाहीत. गुरांनी चुकून जास्त खाल्ली तर त्यांच्या यकृताला इजा होते आणि उन्हाने कातडी सोलवटते. चारा कमी म्हणजे हरणं कमी, आणि हरणं कमी म्हणजे वाघाचं, रानकुत्र्यांचं पोट अडचणीत. उन्हाळ्यात वणवा लागला की वाळलेली घाणेरी भडकून पेटते आणि ज्वाळा वरच्या फांद्यांपर्यंत नेते. पावसात मात्र बुंध्यापासून नवे धुमारे फोडून सगळ्यांत आधी तीच उभी राहते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घाणेरी घनदाट, सावलीच्या जंगलात सहसा आत शिरत नाही. रस्ता काढलेला, तोड झालेली, अति चराई झालेली जागा तिला लागते. म्हणजे दार आपण उघडलेलं असतं. तिला दोष देताना हे विसरून चालणार नाही, कारण नुसती घाणेरी काढली आणि जमीन तशीच उघडी टाकली तर पुढच्या पावसाळ्यात ती किंवा तिच्यासारखीच रानमोडी तिथे पुन्हा हजर होते.

शेताच्या बांधावर

गाजर गवत माहीत नाही असा शेतकरी महाराष्ट्रात सापडणार नाही. काँग्रेस गवत, चटकचांदणी ही त्याचीच नावं. 1955 च्या सुमारास पुण्यात ते ठळकपणे लक्षात आलं. त्या काळात बाहेरून आयात होणाऱ्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानलं जातं. एकेक झाड हजारो बिया तयार करतं, आणि त्या इतक्या बारीक नि हलक्या असतात की वारा, पाणी, गाड्यांची चाकं, कंपोस्ट खत, कशाबरोबरही प्रवास करतात. शिवाय त्याच्या मुळांतून आणि कुजणाऱ्या पानांतून पार्थेनिनसारखी रसायनं मातीत उतरतात, आणि त्यामुळे शेजारच्या झाडांचं बी नीट रुजत नाही. शत्रू मागे ठेवून आलेला हा पाहुणा शेजाऱ्यांवर विषप्रयोगही करतो. हाताला खाज, अंगावर पुरळ, परागकणांमुळे शिंका आणि दमा हा माणसांच्या वाट्याचा भाग झाला. पडीक जमिनीवरची गवतं आणि रानफुलं संपली, हा जमिनीच्या वाट्याचा.

माळरानांची अवस्था त्याहून वाईट आहे. माळ म्हणजे ओसाड जमीन, तिथे झाडं लावली पाहिजेत, असा समज सरकारी खात्यांपासून शाळांपर्यंत सगळीकडे पक्का बसलेला आहे. म्हणून गेली कित्येक दशकं पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, आणि इतरत्र सुबाभूळ लावली गेली. भराभर वाढतात, गुरं फार तोंड लावत नाहीत किंवा तोडली तरी फुटतात, लागवडीचे आकडे छान दिसतात. वेडी बाभूळही अशीच हेतुपूर्वक पसरवली. कच्छमधल्या बन्नी या आशियातल्या मोठ्या गवताळ प्रदेशात वाळवंट रोखण्यासाठी 1961 च्या आसपास तीस हजारांहून जास्त हेक्टरवर ती लावली. शेंगा गुरांनी खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे गेलं, आणि गवत मागे हटत गेलं. आपल्याकडे सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळांवर, ओढ्यांच्या काठांवर तिने पाय पसरलेले आहेतच. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, तणमोर हे सगळे मोकळ्या गवताळ जमिनीचे जीव. त्यांना काटेरी झुडपांचं जंगल नको असतं.

पाण्यात

मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, पंचगंगा, उजनीचा जलाशय. जलपर्णी यांतल्या कुणालाच नवी नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, जांभळ्या फुलांसाठी जगभर नेलेली. पाण्यातून एक रोप उचलून बघा. देठाचा बुडखा फुगीर असतो. दाबला की स्पंजासारखा लागतो, आत सगळी हवा. त्यावर ते तरंगतं. खाली काळसर, पिसांसारखी मुळं लोंबत असतात, ती पाण्यातलं खत ओढून घेतात. बाजूने एक धुमारा निघालेला असतो आणि त्याच्या टोकाला पूर्ण तयार झालेलं पिल्लू-रोप. धुमारा तुटला की ते वेगळं झाड. अनुकूल पाणी असेल तर साधारण दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. बी चिखलात पंधरा-वीस वर्षं टिकतं.

तिच्या गालिच्याखाली काळोख असतो. उजेड नाही म्हणून पाण्यातल्या शेवाळ-वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, हवेशी संपर्क नाही म्हणून वरून तो मिसळत नाही, आणि कुजणारी पानं उरलासुरला प्राणवायूही संपवतात. मासे गुदमरतात. डासांची मात्र चंगळ होते. दर उन्हाळ्यात पोकलेन लावून, ठेके देऊन जलपर्णी काढतात आणि पुढच्या वर्षी ती तेवढीच असते. कारण साधं आहे: तिचं खाद्य म्हणजे आपण नदीत सोडलेलं मैलापाणी. त्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस जोवर येत राहील तोवर जलपर्णी येत राहील. नदी स्वच्छ करण्याचं काम सोडून नुसती जलपर्णी काढत बसणं हा पैशांचा अपव्यय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पाण्याखालची गोष्ट तर अजूनच अदृश्य. आफ्रिकेतला तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, 1952 मध्ये भारतात आणली, स्वस्तात प्रथिनं मिळावीत म्हणून. मादी फलित अंडी तोंडात धरून ठेवते आणि पिल्लंही सुरुवातीला धोका दिसला की तिच्या तोंडात शिरतात, त्यामुळे जगणाऱ्या पिल्लांचं प्रमाण मोठं. वर्षातून अनेकदा वीण, खाण्याचे चोचले नाहीत, घाण पाणी चालतं. आपल्या नद्यांतले मरळ, वाम, शिंगाळा यांच्या वाट्याची जागा आणि खाद्य ती घेते, आणि इतरांची अंडीही खाते. उजनीवरच्या हजारो हातांना आज चिलापीनेच काम दिलं आहे, हेही खरं. म्हणून 'काढून टाका' म्हणणं सोपं नाही. थाई मांगूर नावाने विकला जाणारा आफ्रिकी मासा मात्र सरळ शिकारी आहे. हवेतून श्वास घेतो, ओलसर जमिनीवरून थोडं अंतर सरपटतही जातो. देशात त्याच्या पालनावर 2000 पासून बंदी आहे, तरी चोरून तळी चालतात आणि पुरात त्यातले मासे नदीत जातात.

ग्वाम: पक्ष्यांविना जंगल

बेटांवर हे सगळं फार वेगाने आणि फार क्रूरपणे घडतं. प्रशांत महासागरातलं ग्वाम हे बेट मुंबईपेक्षाही थोडं लहान. तिथे आंधळ्या वाळ्यासारख्या एका इवल्या सापाखेरीज साप नव्हताच. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1950 च्या आगेमागे, अमेरिकी लष्कराच्या सामानातून न्यू गिनीच्या बाजूचा तपकिरी वृक्षसर्प तिथे उतरला. आपल्याकडे मांजऱ्या साप आहे ना, त्याच्याच कुळातला. रात्री झाडावर चढून घरटी धुंडाळणारा. आपल्या मांजऱ्यावर गरुड, घुबडं, मुंगूस, दुसरे साप यांचा वचक आहे, आणि आपल्या पक्ष्यांना साप म्हणजे काय ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ग्वामच्या पक्ष्यांनी असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता.

पुढच्या तीन-चार दशकांत तिथल्या जंगलातल्या 12 स्थानिक पक्ष्यांपैकी 10 बेटावरून नाहीसे झाले. आधी संशय कीटकनाशकांवर गेला, मग रोगावर. जूली सॅव्हिज या संशोधिकेने पक्षी कोणत्या भागातून कधी नाहीसे झाले आणि साप तिथे कधी पोहोचला, हे ताडून पाहिलं आणि 1987 मध्ये दोष सापाचाच असल्याचं दाखवून दिलं. 1988 नंतर ग्वामचा खंड्या, स्थानिक भाषेत सिहेक, फक्त प्राणिसंग्रहालयांत उरला.

गोष्ट इथे थांबत नाही, आणि जैवविविधता म्हणजे नेमकं काय हे कळायला पुढचा भाग महत्त्वाचा आहे. पक्षी गेले, तसे कोळी वाढले. पावसाळ्यात ग्वामच्या जंगलातले कोळी शेजारच्या साप नसलेल्या बेटांच्या तुलनेत चाळीस पटींपर्यंत जास्त असल्याचं संशोधकांनी मोजलं. वाटेने चालताना समोर काठी फिरवत जावं लागतं एवढी जाळी. आणि फळं खाऊन बी दूर टाकणारं कुणी उरलं नाही, म्हणून फळं झाडाखालीच पडून सडू लागली. नेहमी आढळणाऱ्या दोन झाडांच्या अभ्यासात नव्या रोपांची संख्या साठ टक्क्यांहूनही जास्त घटलेली दिसली. साप झाडाचं पानही खात नाही, तरी जंगलाची घडण बदलतो आहे.

उपाय म्हणून तिथे मेलेल्या उंदरांत पॅरासिटामॉलच्या गोळ्या घालून हेलिकॉप्टरमधून जंगलात टाकतात. तापावरचं ते औषध या सापाला मात्र थोड्या मात्रेतही मारतं. काही भागांत साप कमी झाले, पण बेट अजून मोकळं झालेलं नाही. 2024 मध्ये प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले नऊ सिहेक पक्षी निसर्गात सोडले, तेही ग्वामला नव्हे, दूरच्या पाल्मायरा या साप नसलेल्या बेटावर.

काट्याने काटा काढताना

परक्या शत्रूवर दुसरा परका जीव सोडायचा, हा विचार पहिल्यांदा सगळ्यांनाच सुचतो. 1872 मध्ये जमैकातल्या एका ऊसमळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली, उंदरांसाठी. ती वाढली, आणि तिथून 1883 मध्ये हवाई बेटांवर नेली. उंदीर मुख्यतः रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. भेट फारशी होईना, तेव्हा मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खायला सुरुवात केली. आजही ती तिथे आहेत.

त्याहून चटका लावणारी गोष्ट गोगलगाईंची. 2022 मध्ये लातूर, बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं ज्या शंखी गोगलगाईंनी फस्त केली, तीच आफ्रिकी गोगलगाय ताहितीच्या आसपासच्या बेटांवरही गेली होती. तिला खायला 1970 च्या दशकात अमेरिकेकडची एक शिकारी गोगलगाय आणून सोडली. या शिकाऱ्याने मोठ्या आफ्रिकी गोगलगाईंपेक्षा पार्टुला नावाच्या नखाएवढ्या, फक्त त्याच बेटांवर सापडणाऱ्या स्थानिक गोगलगाई पसंत केल्या. मोऱेआ बेटावरच्या पार्टुला दहाएक वर्षांत निसर्गातून संपल्या. काही जाती लंडनच्या आणि इतर प्राणिसंग्रहालयांत वाचवल्या म्हणून आता पुन्हा बेटांवर सोडता येत आहेत. बाकीच्या कायमच्या गेल्या.

म्हणजे हा मार्गच चुकीचा का? नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइम्बतूरला आढळला आणि दोन वर्षांत पुण्यापर्यंत पोहोचला. बागा पांढऱ्या पडल्या. 2010 मध्ये बंगळूरच्या संस्थेने त्याच्या मूळ प्रदेशाकडची एक इवलीशी गांधीलमाशी आणली. ही माशी त्याच ढेकणात अंडी घालते, दुसऱ्या कशाला हात लावत नाही, याची आधी खात्री करून घेतली. थोड्याच काळात कीड आटोक्यात आली. गाजर गवतावर सोडतात ते मेक्सिकन भुंगेही असेच पारखून 1984 च्या सुमारास भारतात आणले. पावसाळ्यात ते पानं चाळण करतात, पण कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतात, म्हणून त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. फरक आहे तो खाण्याच्या सवयीत: वाट्टेल ते खाणारा मुंगूस आणि एकाच यजमानावर जगणारी माशी.

संपूर्ण उच्चाटन होतं का, याचं उत्तर जपानने दिलं आहे. अमामी ओशिमा बेटावर 1979 मध्ये विषारी सापांसाठी मूळ आपल्याकडच्या लहान मुंगसांची सुमारे तीस जनावरं सोडली. ती दहा हजारांवर गेली आणि तिथला दुर्मीळ काळा ससा संपायला आला. 2005 पासून खास पथक नेमलं. हजारो सापळे, शिकवलेली कुत्री, स्वयंचलित कॅमेरे. शेवटचं मुंगूस 2018 मध्ये सापडलं. त्यानंतरही सहा वर्षं शोध चालू ठेवला आणि मगच, सप्टेंबर 2024 मध्ये, बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर केलं. ससे पुन्हा वाढले आहेत.

आपल्याकडे काय करता येईल

कायद्याच्या बाजूने, 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात आक्रमक परकीय प्रजातींची व्याख्या आली आणि त्यांच्या आयात-विक्रीवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. पण बरंचसं काम जमिनीवरचं आहे.

घाणेरी वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत अशी: मुख्य मूळ जमिनीच्या तीन-चार बोटं खाली तोडायचं आणि झुडूप उलटं करून तिथेच वाळत ठेवायचं. फळं धरायच्या आधी. मग लगेच स्थानिक गवताचं बी टाकायचं आणि पुढची निदान दोन-तीन वर्षं येणारी रोपं उपटत राहायचं. विदर्भातल्या व्याघ्रप्रकल्पांत, गावं उठलेल्या जागी कुरणं तयार करताना, हेच चिवट काम वनमजूर वर्षानुवर्षं करत आले आहेत. काढलेल्या काड्यांचंही चीज होतं. कर्नाटकातले सोलिगा आदिवासी त्यांचं फर्निचर बनवतात, तर निलगिरीतले कारागीर खऱ्याखुऱ्या मापाचे हत्ती.

गाजर गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. फुलल्यावर उपटलं तर बी आपणच पसरवतो. मोकळ्या जागेत टाकळ्याचं बी फेकलं तर तो दाट वाढून गाजर गवताला वर येऊ देत नाही, हे बऱ्याच गावांतल्या जुन्या लोकांना माहीत आहे.

घरातली काचेची टाकी नको झाली म्हणून सकर मासा किंवा लाल कानाचं अमेरिकी कासव तलावात, विहिरीत, गणपतीच्या हौदात सोडू नका. दयेपोटी केलेलं हे काम त्या तलावातल्या मूळ जिवांच्या मुळावर येतं. ज्या दुकानातून आणलं तिथे परत द्या किंवा पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या.

आणि जूनमध्ये वृक्षारोपणाचे फलक लागले की रोपं कोणती आहेत ते आधी विचारा. गिरिपुष्प, सुबाभूळ असेल तर नको म्हणा; सह्याद्रीकडच्या डोंगरावर आंबा, जांभूळ, हिरडा, करंज, कोरड्या भागात हिवर, बोर, पळस यांची रोपं मागा. जागा माळाची असेल, म्हणजे पावसात जिथे गुडघाभर पवना, मारवेल आणि कुसळी उभी राहते अशी असेल, तर तिथे कोणतंच झाड लावू नका. वेडी बाभूळ मुळापासून काढा, चराई एक-दोन पावसाळे आवरती ठेवा आणि गवताला त्याची जमीन परत घेऊ द्या.